विनापरवाना उतरलेला रक्तदाब

साहेब, माझ्या भाऊजींचा रक्तदाब तुम्ही चोरीचा माल ठरवला आहे. जिथून उतरवला तिथे परत नेऊन ठेवा, असा हुकूम तुमच्या सहीने निघाला आहे, आणि त्या सहीखाली तुम्ही झोकात रेघ ओढली आहे. आरोपी कोण, तर एक शिंपी. गुन्हा काय, तर तो बरा झाला. हे मी चौकात उभं राहून ओरडलो तर लोक मलाच वेड्यात काढतात, म्हणून लिहून काढतो आहे. कागदावर आलं की लोकांना काहीही खरं वाटतं. तुमचं अख्खं खातं त्याच भरवशावर चाललंय.

तर पहिल्यापासून सांगतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोपऱ्यावर त्यांचं शिवणाचं दुकान आहे. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाइकाची छाती मोजायची तर आधी भाऊजींना श्वास सोडावा लागतो. पूर्वी मशीन पायाचं होतं. पुढे त्याला मोटार बसवली आणि दिवसभरात पायांना जे काही थोडंफार काम होतं तेही सुटलं. सकाळी खुर्चीत बसायचं, डबा खुर्चीतच खायचा, कात्री लांब राहिली तर खुर्ची सरकवायची, पण उठायचं नाही. ताई म्हणायची, "लग्न माझ्याशी लागलं, संसार मात्र त्या खुर्चीशी चाललाय."

त्यांचे थोरले भाऊही शिंपीच. एके दिवशी काज करता करता त्यांच्या हातातली सुई गळाली, आणि पाठोपाठ हातही गळाला. उजवा. आता तो हात दिवसभर मांडीवर ठेवलेला असतो, शेजाऱ्यांनी सांभाळायला दिल्यासारखा. भाऊजी त्यांना भेटून आले की बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताची मूठ वळत-सोडत बसतात. म्हणूनच दवाखान्यात दाब भलताच वाढलेला निघाला तेव्हा त्यांनी बाकी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "बाई, हात राहील ना?"

डॉक्टरीणबाई शहाण्या. समोर शिंपी बसलाय हे त्यांनी ओळखलं होतं.

"धमन्या म्हणजे इलॅस्टिक समजा," त्या म्हणाल्या. "रक्ताचा लोंढा आला की ताणायचं, गेला की आवळायचं. दाब कायम चढा राहिला की त्या कडक होत जातात. जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकचं काय होतं?"

"ताणलं की कुरकुरतं," भाऊजी म्हणाले. "आतल्या आत तुटत जातं."

"तसंच. फरक एवढाच की हे मला उसवून नवीन घालता येत नाही. गोळी रोज घ्या, मनाने सोडायची नाही. मीठ कमी. आणि चाला. रमतगमत नाही, झपझप. आठवड्यातले बहुतेक दिवस, अर्धा तास तरी. चालताना रक्त जोरात धावतं, आतल्या अस्तरावरून सळसळत जातं, आणि ते अस्तरच धमनीला सांगतं की बाई, जरा सैल हो."

भाऊजी खुर्चीत सरळ झाले. "आत अस्तर असतं?"

"असतं. सगळा खेळ अस्तराचाच आहे."

"कोटाचंही तेच," भाऊजी भारावून म्हणाले. "गिऱ्हाइकांना पटत नाही."

"झपझप म्हणजे किती झपझप ते सांगा," ताई मधे पडली. "यांची झपझप मला ठाऊक आहे. मागून गोगलगाय बाजूला व्हा म्हणते."

डॉक्टरीणबाई हसल्या. "सोपी खूण आहे. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये."

हे वाक्य लक्षात ठेवा. चांगल्या वाक्याची सरकारात काय गत होते ते आता कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी कापडी बूट चढवून बागेत गेले. आमच्या भागात एक बाग आहे आणि तिला वळसा घालणारी मातीची वाट आहे. आम्ही लहानपणापासून त्या वाटेवर कुणाच्या बापाला न विचारता चालत आलो. त्या दिवशी फाटकावर नवीन पाटी होती: 'रक्तदाब नियंत्रण व धमनी संवर्धन खाते. आरोग्यचालन मार्ग. विनापरवाना चालणे, धावणे व धाप लागणे दंडनीय आहे.'

पाटीखाली पहारेकरी. त्याला सगळे 'शिट्टी' म्हणतात, कारण बोलण्याऐवजी तो तीच वाजवतो. भाऊजींना बघून त्याने ती वाजवली.

"परवाना?"

"कशाचा?"

"चालण्याचा."

"अहो, घरापासून इथपर्यंत चालतच आलो की."

शिट्टीने मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला बोललात ते ठीक. दुसऱ्या कुणाजवळ कबूल करू नका."

फाटकातून आतलं दिसत होतं. परवानेवाले मोजकेच लोक चालत होते. वळणावर टेबल टाकून दाब निरीक्षक बसला होता. बोलता यावं पण गाता येऊ नये, ही खूण कुठून तरी खात्याच्याही कानावर गेली होती, आणि खात्याच्या कानावर जे जातं त्याची तपासणी होते. चालणारा जवळ आला की निरीक्षक हात वर करून ओरडायचा, "गा!" धड गाता आलं तर व्यायाम अपुरा म्हणून दंड. गाता आलं नाही तर "बोला!" आणि नाव-पत्ता अडखळला तर व्यायाम जादा म्हणून दंड. बँडमध्ये कर्णा वाजवणाऱ्या एका बिचाऱ्याचा परवाना कायमचा रद्द झाला होता. तो टेबलासमोरून पळत गेला तरी अख्खं गाणं सुरात म्हणायचा. एक निवृत्त मास्तरीण मात्र रोज पास व्हायच्या. त्यांना बसूनही गाता येत नसे.

हे खातं आलं कुठून? साहेब, खरं तर हे तुम्ही सांगायला हवं होतं. तुम्ही सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आधी तुमचं नळखातं होतं. नळ टाकायचं काम ठेकेदारांकडे गेलं आणि अख्खा मजलाभर अधिकारी बिनकामाचे झाले. काम गेलं तरी टेबलं होती, पंखे होते, सही करायची सवय होती. तेवढ्यात वरच्या कुणीतरी भाषणात म्हटलं की नागरिकांच्या धमन्या हे राष्ट्राचं धन आहे. धन म्हटलं की खातं आलंच. खातं झालं, माणसं तयार होतीच, अडलं फक्त नियमावलीशी. मग तुमच्या हुशार माणसांनी नळखात्याची जुनी नियमावली काढली आणि पाणी लिहिलं होतं तिथे रक्त, नळ होता तिथे धमनी, पंप होता तिथे हृदय असं घालून एका दुपारीत काम उरकलं. उरकल्यावर कुणी वाचलं नाही. तुमच्या कचेरीच्या भिंतीवर आजही नागरिकांसाठी सूचना लावलेल्या आहेत: 'रक्त उकळून व गाळून वापरावे.' 'दुरुस्तीनिमित्त दर सोमवारी हृदय बंद राहील.' 'धमनी फुटल्यास कर्मचारी येईपर्यंत ओले पोते गुंडाळून ठेवावे.'

वाचणाऱ्यांनो, हसू नका. त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे: खात्याच्या लेखी परवानगीवाचून कोणीही दाब कमी वा जास्त करू नये. नळाच्या बाबतीत ते बरोबरच होतं. एकाने दाब पळवला की शेजाऱ्याची बादली कोरडी. भाऊजींच्या दाबावर कुणाची बादली भरत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

परवान्याच्या खिडकीवर एक कारकून बसतो. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला माहीत असेल. बाकी सगळे त्याला बघूबुवा म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'बघू'वर संपतं. पाय स्टुलावर, तोंडात खारे शेंगदाणे आणि चेहरा विटेसारखा लाल.

"दाब वाढलेला आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे," भाऊजी म्हणाले.

"मग परवाना नाही. वाढलेल्या दाबाचा माणूस मार्गावर सोडला आणि फुटला, तर मार्ग खराब होतो."

"आणि दाब ठीक असला तर?"

"तर तुम्हाला परवाना कशाला? योजना वाढलेल्या दाबासाठी आहे."

"म्हणजे वाढलेला हवा, पण वाढलेला नको," ताई म्हणाली.

"बघा, कळलं की तुम्हाला!" बघूबुवा खूश झाला. "लोक उगाच म्हणतात नियम किचकट आहेत."

"मग आत्ता आत चालतायत ते कोण?"

"ते आमचे नातेवाईक."

भाऊजींनी उजवा हात खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि मूठ वळली-सोडली. "बाबा, काहीतरी वाट असेल ना? माझा हात गेला तर दुकान गेलं."

बघूबुवाने शेंगदाणा चावला. "विशेष बाब म्हणून अर्ज करा. बघू."

विशेष बाब म्हणजे काय, ते सांगतो. दाब वाढल्याचा दाखला नदीकाठच्या पंपघरात मिळतो. दाब फार वाढला नसल्याचा दाखला टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीखाली मिळतो. नळखात्याच्या कचेऱ्या जिथे होत्या तिथेच राहिल्या. त्यांचं तरी काय चुकलं? टाकीवाले म्हणतात, पंपघराचा शिक्का पुसट आहे, पुन्हा आणा. पंपघरवाले म्हणतात, शिक्का टाकीवर नेलाय, तिथून आणा. दोन्हींच्या मधल्या रस्त्याला वाहन जात नाही, कारण खात्याने नळ टाकायला तो खणला, आणि मग खात्याकडे नळच राहिले नाहीत. टाकीच्या इमारतीत लिफ्ट आहे, पण तिच्यावर पाटी आहे: 'फक्त खात्याच्या हृदयांसाठी.' आणि सगळ्या खिडक्या जेवणासाठी लवकर बंद होतात, जेवण संपल्यावर उशिरा उघडतात. वेळेत गाठायचं तर रेंगाळून चालत नाही.

भाऊजी चालायला लागले. पंपघरातून टाकीवर, टाकीवरून पंपघरात, सकाळी दुकान उघडायच्या आधी एक फेरी, दुपारी गिऱ्हाईक नसताना दुसरी. ताई बरोबर असायची, हातात छत्री आणि तोंडात खात्याचा उद्धार. चढणीवर दोघं मिळून साहेबांना, निरीक्षकाला, बघूबुवाला आणि त्याच्या शेंगदाण्यांना शिव्या घालत जात. शिव्या ठणठणीत निघत होत्या. गाणं म्हणायला सांगितलं असतं तर मात्र जमलं नसतं.

असे कित्येक महिने गेले. शिक्का काही उमटला नाही. भाऊजींची पँट तेवढी घसरायला लागली. गिऱ्हाइकांसमोर शिंप्याची पँट घसरणं धंद्याला बरं नाही, म्हणून त्यांनी ती कमरेत आवळून घेतली. आणि मग आणखी एकदा घेतली.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, दाब पाहिला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला.

"अहो, झकास! कुठे चालता तुम्ही?"

भाऊजींचा चेहरा पडला. "चालायला कुठे मिळतंय बाई? परवानाच मिळेना."

"मग रोज करता काय?"

"परवान्यासाठी फिरतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि खिडकीकडे तोंड करून हसून घेतलं. मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "परवाना मिळेपर्यंत असंच चालू द्या. गोळी आहे तशी घेत राहा. आणि देव करो नि तुमचं काम लवकर न होवो."

त्या रात्री भाऊजी मूठ वळत-सोडत बसले नाहीत. सरळ घोरायला लागले. ताईने मला फोन करून ऐकवलं.

पण साहेब, सुख बघवेल तर ते खातं कसलं! नेमकी तेव्हाच विशेष बाब मंजूर झाली. शेवटची अट एकच: प्रत्यक्ष दाबाची तपासणी. निरीक्षकाने पट्टा बांधला, फुगा दाबला. त्याच्या कपाळावर आठी पडली. दुसरा पट्टा मागवला. आठी तशीच.

"हा दाब कुणाचा?"

"माझाच की," भाऊजी म्हणाले.

"अर्जात लिहिलेला दाब कुठे आहे?"

"तो... उतरला."

"उतरला?" निरीक्षक उभा राहिला. "कुणाच्या परवानगीने?"

आणि मग सुनावणी झाली, साहेब. तुमच्याच दालनात. तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं, कारण मला बसायला सांगितलं नव्हतं. तुम्ही कलम मोठ्याने वाचलंत आणि चष्मा काढलात.

"अर्ज केलात तेव्हाचा दाब खात्याच्या दप्तरी लागला," तुम्ही म्हणालात. "दप्तरी लागलेली गोष्ट खात्याची होते. ती तुम्ही परस्पर उतरवलीत."

"माझ्या नवऱ्याचा दाब तुमचा?" ताईने विचारलं.

"बाई, नवरा तुमचा. दाब आमचा."

"मग चढला होता तेव्हा न्यायचा होता! आम्ही गाठोडं बांधून दिलं असतं."

"शांत राहा."

"मी शांतच आहे. तुमचे कान लाल झालेत. तुमचा स्वतःचा किती आहे?"

निरीक्षक छताकडे पाहायला लागला. तुम्ही म्हणालात, "तो गोपनीय आहे." मग तुम्ही हुकूम सांगायला सुरुवात केलीत, आणि सांगता सांगता तुम्हाला धाप लागली; साहेब, बसल्या बसल्या. सदर इसमाने खात्याच्या अखत्यारीतील दाब विनापरवाना उतरवून स्वतःच्या धमन्यांमध्ये अनधिकृत लवचिकता निर्माण केल्याचे सिद्ध होत असून, सदर दाब त्याने स्वखर्चाने मूळ स्थितीत आणून द्यावा. तोपर्यंत त्याने कामकाजाच्या वेळेत खात्याच्या पुनर्स्थापना कक्षात बसून राहावे. दाब पूर्ववत झाल्यावर तो कमी करण्याच्या परवान्याचा विचार प्राधान्याने करण्यात येईल.

कापडी बूट दाब उतरवण्याचं हत्यार म्हणून जप्त झाले. शिट्टीने ते चिमटीत धरून नेले.

इथवर एकट्या भाऊजींचं होतं. पण निरीक्षकाला चेव आला. त्याने बाकीच्या अर्जदारांनाही पट्टे बांधले, आणि बघतो तर पंपघर-टाकी करणाऱ्या एकूण एक माणसाचा दाब उतरलेला. दुसरा कुणी असता तर त्याने हार मागवले असते. तुम्ही समिती नेमलीत. समितीने शोधून काढलं की परवाना मिळवण्याची खटपट हाच एक प्रकारचा व्यायाम असून तो खुलेआम विनापरवाना चालू आहे. यावर उपाय हवा होता, आणि तुम्ही तो केलात. पंपघर बंद. टाकीखालची कचेरी बंद. सगळ्या खिडक्या एका मोठ्या दालनात. गुबगुबीत खुर्च्या, थंडगार हवा, नाव पुकारेपर्यंत बसायचं, कागद न्यायला-आणायला माणूस. लिफ्ट सर्वांना खुली. जिन्याला कुलूप.

लोकांनी टाळ्या वाजवल्या! वर्तमानपत्रात तुमचा फोटो आला, 'लोकाभिमुख कारभार' म्हणून. तुम्ही त्या फोटोतही बसलेलेच होतात.

त्याच दालनाचा एक कोपरा पुनर्स्थापना कक्ष ठरला, आणि भाऊजी तिथे बसायला लागले. मऊ खुर्ची, समोर बघूबुवाने आपुलकीने ठेवलेले खारे शेंगदाणे. माझ्यासारख्याने वाटी फेकून मारली असती. भाऊजी भिडस्त, ते एकेक उचलत. निरीक्षक रोज पट्टा बांधायचा आणि पाठ थोपटायचा. "चढतोय, चढतोय. छान प्रगती आहे."

डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. खात्याने बाईंना नोटीस पाठवली, पुनर्स्थापनेच्या कामात अडथळा आणल्याबद्दल.

एका संध्याकाळी मी दुकानात गेलो होतो. भाऊजी सुईत दोरा ओवत होते. ओवला जाईना. दोरा ओठात धरून ओला केला, पुन्हा प्रयत्न केला. सुई थरथरत होती. की हात थरथरत होता, ते बघायचं मी टाळलं.

"उजेड कमी आहे," भाऊजी म्हणाले.

उजेड भरपूर होता. ताई दारात उभी होती. तिने आत येऊन सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन त्या मोठ्या दालनात गेली आणि बघूबुवासमोर उभी राहिली. "हुकमावर अपील कुठे करायचं?"

बघूबुवाने इकडेतिकडे पाहिलं. पाय स्टुलावरून खाली घेतले, हे मी स्वतः पाहिलं. "घड्याळाच्या मनोऱ्यात," तो हळूच म्हणाला. "सगळ्यात वरचा मजला. लिफ्ट नाही. जिना अरुंद आहे, कठडा गंजलाय. तिथे अजून सुधारणा झालेली नाही, बाई. लवकर जा."

या वेळी त्याने 'बघू' म्हटलं नाही.

नळखात्याच्या नियमावलीतलं अपिलाचं कलम तसंच राहून गेलं होतं, हे आमचं नशीब. अपील दाखल झालं की हुकमाला आपोआप स्थगिती. जप्त वस्तू परत. आणि तारीख पडली की नाही हे विचारायला अपीलदाराने रोज जातीने यायचं. आला नाही तर अपील फेटाळलं. अपील अधिकारी कधी येतात, कुणाला माहीत नाही. ते येत नाहीत अशीच त्यांची ख्याती आहे.

भाऊजींनी बूट चढवले. दुकानापासून मनोऱ्यापर्यंत झपझप, मग जिना, वर जाऊन शिपायाला विचारायचं, "तारीख?" शिपायाने मान हलवायची, आणि यांनी हसत खाली यायचं. नकार ऐकून इतका खूश होणारा माणूस त्या शिपायाने जन्मात पाहिला नव्हता. काही आठवड्यांत दाब उतरणीला लागला. मग एक दिवस घात झाला. भाऊजी वर पोचले आणि बघतात तर दार उघडं, आत साक्षात अपील अधिकारी! भाऊजी खांबाआड लपले. ताई पुढे झाली.

"साहेब, तारीख द्या. पण लांबची द्या."

"लांबची?" अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळे लवकरची मागतात."

"तुमच्यावर किती कामाचा ताण आहे, आम्हाला दिसत नाही का? सावकाश होऊ द्या. आम्ही रोज येऊन विचारत जाऊ."

अधिकाऱ्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांची कुणी एवढी कदर केली नव्हती. त्यांनी तारीख इतकी लांबची दिली की तेव्हा ते स्वतः निवृत्त झालेले असतील.

काल संध्याकाळी भाऊजींनी माझ्यासमोर सुईत दोरा ओवला. पहिल्या झटक्यात. मग सुई माझ्यापुढे नाचवून म्हणाले, "मेव्हणे, उजेड बरा आहे आज."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. साहेब, तुमच्याशी माझं भांडण इथे संपलंही होतं. तुम्ही खुर्चीत बसा, दाब गोपनीय ठेवा. आता मी तुमच्याशी बोलत नाहीये.

आता मी वाचणाऱ्याशी बोलतोय. हो, तुमच्याशीच. पाठीला उशी लावून, पाय वर घेऊन वाचताय ना, तुमच्याशी.

गेल्या आठवड्यात एक निवेदन फिरलं. 'अपिलाच्या कचेरीतील मध्ययुगीन जिन्याला कुलूप लावून तात्काळ लिफ्ट बसवावी, किंवा सुनावणी व चौकशी घरबसल्या फोनवर करावी.' खाली ही एवढी सह्यांची रांग. मी ती बघून आलोय. ज्यांना खरंच जिना चढवत नाही त्यांच्यासाठी तळाला टेबल टाकलेलं आहे, शिपाई खाली येऊन विचारून जातो. तशी सोय नसती तर पहिली सही मी केली असती. पण तुम्हाला चढवतं. एक मजला वर जायला लिफ्टची वाट बघत तुम्ही उभे असता तेव्हा मी शेजारच्या जिन्यावरून वर जातो, परत खाली येतो, तरी तुम्ही तिथेच असता. त्या निवेदनावर सही करताना तुम्ही कागद आत मागवून घेतला, कारण दारापर्यंत कोण उठणार?

तुमच्या सोयीखातर एका शिंप्याचा हात जाणार आहे. सही मागे घेताय की नाही?

उत्तर पाहिजे. फोनवर नको, निरोप नको. भाऊजी, ताई आणि मी मनोऱ्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे आहोत. जिन्याने या. वर पोचल्यावर बोलता आलं म्हणजे झालं. गाणं कुणी मागितलेलं नाही.